पडवीचे दार

प्रश्न तसा घरगुती आहे, आणि घरगुती प्रश्नासाठी मासिकाची पाने खर्च करावीत की नाही, याविषयी आमच्याच मनात थोडा संकोच आहे. परंतु मुलूख सोडून चाकरीनिमित्त दूर राहणाऱ्या आपल्यांपैकी बहुतेकांच्या मागे गावाकडे एक घर असते. त्या घराच्या उताऱ्यावर इतर चार नावांबरोबर आपलेही नाव असते, आणि केव्हा ना केव्हा तिकडून असा एखादा प्रश्न येतोच की ज्याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे असते, पण तो एक शब्द लिहिण्यापूर्वी आपण आजवर कोठे कोठे राहिलो आणि कोठे कोठे राहिलो नाही याचा सारा हिशेब मांडावा लागतो. म्हणून हे लिहीत आहोत.

दापोली तालुक्यातील आमच्या घराची पडवी काढून टाकून तिच्या जागी सागवानी, चारी बाजूंनी बंद आणि कुलूप लागेल अशी पडवी बांधावी, असे गेल्या वर्षी आमच्या वहिनींनी ठरविले. कल्पना मूळची त्यांच्या मुलाची. हा आमचा पुतण्या इंग्लंडात असतो. तेथे त्याने जुने घर घेतले आणि त्याच्या दारापुढची मोडकळीस आलेली उघडी देवडी पाडून ओकच्या लाकडाची बंद देवडी उभारली. तिची छायाचित्रे त्याने आम्हां सर्वांना पाठविली होती. तिकडचे कारागीर ओलसर ओकचीच चौकट करतात, सांध्यांत खिळ्यांऐवजी ओकच्याच खुंट्या मारतात, आणि लाकूड जसजसे वाळते तसतसे सांधे आवळून बसतात. काही वर्षांनी त्या लाकडाला रुपेरी करडी छटा येते. तेथील हिवाळ्यात दोन दारांच्या मध्ये थंडी अडून राहते आणि घराची ऊब टिकते. तेव्हा आईसाठीही असेच काही करावे, ओकच्या जागी सागवान वापरावे आणि खर्च आपण सोसावा, असे त्याने सुचविले. यात मुलाची माया होती, आणि समुद्रापलीकडून करता येण्याजोगे तेवढेच होते. व्हरांडा हा शब्द इंग्रजीने हिंदुस्थानातूनच उचलला. आता देवडीची कल्पना तिकडून इकडे येत होती, यात तक्रार करण्यासारखे वस्तुतः काही नव्हते.

तरीही आम्ही तक्रार केली. घर सामाईक असल्यामुळे वहिनींनी आमची संमती मागितली होती. त्यांनी आमचे मत विचारले नव्हते, केवळ 'हरकत नाही' एवढे कळवावे असे म्हटले होते. चौतीस वर्षांच्या चाकरीत अशी ना हरकत पत्रे आम्ही किती दिली असतील याची गणती नाही. स्वतःच्या घराविषयीचे पहिलेच असे पत्र देण्याची वेळ आली तेव्हा मात्र आमची लेखणी अडली, आणि दोन ओळींच्या संमतीऐवजी आम्ही चार पानांचे पत्र लिहिले.

त्या पत्रात काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यांपैकी अनेकांनी तेच लिहिले असते. पडवी म्हणजे नुसते छप्पर नव्हे, असे आम्ही लिहिले. जांभ्या दगडाच्या जोत्यावर फणसाचे चार खांब, वर मंगलोरी कौले, एका कडेला झोपाळा, दुसऱ्या कडेला भाताची कणगी, आणि समोर सारवलेले अंगण. घराचा हा एवढाच भाग असा की तेथे येण्यास कोणाला विचारावे लागत नसे. टपालवाला तेथे टेके. पाखाडीने जाणारा अनोळखी माणूस सर आली की तेथे शिरे, आणि त्याच्यापुढे गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवल्यानंतरच त्याचे गाव विचारले जाई. पावसाळ्यात पडवीपुढे माडाच्या झावळांचे झाप बांधीत, पण तेही मध्ये वाट सोडून. अशी जागा बंद करणे म्हणजे आपले घर जगाशी जे बोलत होते ते बोलणे तोडणे होय, आणि केवळ सोयीसाठी असे करण्याचा अधिकार एका पिढीला आहे काय, असा प्रश्न विचारून आम्ही पत्र संपविले होते. पत्र चांगले उतरले आहे असे वाटून आम्ही ते टाकण्यापूर्वी दोनदा वाचलेही.

आठ दिवसांनी वहिनींचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते : "भावोजी, पडवी उघडी असावी हे मलाही पटते. पण ती उघडी ठेवायची तर रात्री कोणी तरी तिच्याकडे कान लावून जागे राहावे लागते. ते मी सहा वर्षे करते आहे. तुम्ही येऊन राहणार असाल तर दार नको."

यापुढे आम्ही जे लिहीत आहोत तो या चार वाक्यांना उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

पहिला विचार अर्थातच अधिकाराचा. घर कोणाचे? उताऱ्यावर ज्याचे नाव त्याचे, हे कायद्याचे उत्तर झाले. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळींच्या बागा आडव्या करून गेले, तेव्हा आमच्या घरावरची निम्मी कौले उडाली आणि पडवीचा एक खांब जोत्यावरून सरकला. त्या वेळी वहिनी माजघरात एकट्या होत्या. साथीमुळे प्रवासाला बंदी होती, म्हणून आम्ही गेलो नाही, आणि हे कारण खरे होते. आम्ही पैसे पाठविले, तेही खरे. परंतु कित्येक रात्री विजेवाचून काढणे, वाडीतल्या माणसांना हाका मारून आढ्यावर ताडपत्री ओढून घेणे, कौले मिळेनात तेव्हा पत्रे घालणे, हे सारे ज्या व्यक्तीने केले तिचे त्या घराशी असलेले नाते आणि आमचे नाते एकाच उताऱ्यात मावत असले तरी एका वजनाचे नाही. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात बिबट्याने पडवीत निजलेला कुत्रा उचलून नेला. आमच्या पत्रात आम्ही जिला 'केवळ सोय' म्हटले होते, ती ही.

परगावी राहणाऱ्या माणसाला गावच्या घराविषयी एक विशेष दृष्टिदोष जडतो. आपण बदलीमागून बदली घेत फिरतो. प्रत्येक बंगल्याचा ताबा घेताना दारे, खिडक्या, पंखे मोजून सही करतो आणि सोडताना पुन्हा मोजून देतो. त्या घरांत आपण वाटेल ते फेरफार करतो. दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात मागचा व्हरांडा फळ्या ठोकून बंद करून आम्हीच मुलांसाठी अभ्यासाची खोली केली होती, आणि तेव्हा त्या व्हरांड्याचे जगाशी काही बोलणे चालू आहे असे आमच्या मनातही आले नाही. सिमल्यास होतो तेव्हा तेथील जुन्या बंगल्यांचे काचबंद व्हरांडे आम्हांला मोठे सुखाचे वाटले होते. कोठे तरी एक जागा न बदलणारी असावी एवढ्यासाठी आपण गावच्या घरावर न बदलण्याची सक्ती करतो. आपल्या भटकेपणाचा भार आपण त्या घरावर टाकतो, आणि घर स्वतः तो उचलू शकत नसल्यामुळे घरात राहणाऱ्याला तो उचलावा लागतो. हे लक्षात आले तेव्हा त्या चार पानांतील बराचसा भाग आम्हांला परत घ्यावासा वाटला.

परंतु केवळ दृष्टिदोष म्हणून प्रश्न सुटत नाही. पडवी खरोखरच सर्वांसाठी खुली होती आणि ती बंद झाल्याने काही चांगले नष्ट होत असेल, तर ते सांगणारा दूर राहतो म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. तेव्हा दुसरा विचार करणे प्राप्त होते : ती पडवी खुली होती काय?

येथे आम्हांला आमच्या आठवणीची थोडी कठोर तपासणी करावी लागली. कोकणातील जुने घर अंगण, पडवी, ओटी, माजघर आणि देवघर अशा पायऱ्यांनी आत जाते, आणि त्यातील कोणत्या पायरीपर्यंत कोणी यावे हे जातीने ठरलेले असे. ब्राह्मण आणि मराठे ओटीवर बसत. कुळे पडवीत, तीही कडेला, जोत्यावर पाय सोडून. आणि ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत ती माणसे अंगणाच्या टोकाशी उभी राहत. पाऊस आला तरी ती पडवीत शिरत नसत. वर आम्ही ज्या अनोळखी वाटसरूचे वर्णन केले त्याचे गाव गूळपाण्यानंतर विचारले जाई हे खरे, परंतु त्याच्याकडे पाहूनच त्याची जात ओळखली गेलेली असे आणि ओळख पटली नाही तर गुळाआधी तीच विचारली जाई, हेही तितकेच खरे. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नाहीशी केली. अंगणाच्या टोकापासून पडवीपर्यंतचे पंधरा हात अंतर ओलांडावयास मात्र त्यानंतरही बरीच वर्षे लागली. दार नव्हते म्हणून अडवणूक नव्हती, असे नव्हे. अडवणूक इतकी पक्की होती की तिला दाराची गरज नव्हती.

आणि वहिनी? लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून आमचे वडील असेपर्यंत त्यांना पडवीतल्या झोपाळ्यावर बसलेले आम्ही एकदाही पाहिले नाही. चहाचे पेले माजघराच्या दारापर्यंत त्या आणीत आणि तेथून आम्ही मुले ते बाहेर नेत असू. पडवी ही पुरुषांची जागा होती. तेथील गप्पा, तेथील गूळपाणी, तेथील अगत्य यांचे श्रेय घराला मिळे आणि पुरुषांना मिळे. पाणी शेंदणारी आणि गूळ फोडणारी मात्र दाराआड असे. आज ती पडवी प्रथमच त्यांच्या ताब्यात आली आहे. ज्या क्षणी ती त्यांची झाली त्याच क्षणी तिच्या परंपरेची आठवण आम्हांला व्हावी, हा योगायोग आम्हांला स्वतःच्या बाबतीत फारसा शोभादायक वाटला नाही.

मग उघडेपणाची ती सारी कल्पना ढोंगच होती, असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि हल्ली ते पुष्कळदा म्हटले जाते. पण आम्हांला ते खरे वाटत नाही. अपुरे दिलेले दान अपुरे असते, खोटे नसते. ज्यांना त्या पडवीत आसरा मिळाला त्यांचे अंग कोरडे राहिलेच. उणीव दानाच्या वर्तुळात होती. ते वर्तुळ मोठे करणे हे आपल्या पिढ्यांचे काम होते. आणि नेमके ते मोठे होऊ शकले असते अशा वेळी आपण गाव सोडून गेलो. आज अंगणाच्या टोकाशी थांबणाऱ्यांची नातवंडे वहिनींच्या पडवीत बसून त्यांना भ्रमणध्वनीवरची कामे शिकवितात. आमची नातवंडे दिवाळीत आली तर येतात.

पडवी आणि तत्त्वज्ञान यांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत आहोत असे कोणास वाटू नये. एक सबंध तत्त्वज्ञान पडवीच्याच नावाने ओळखले जाते. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास सायप्रस बेटावरचा झेनो हा अथेन्सच्या बाजारचौकालगत, भिंतीवर लढायांची चित्रे असलेल्या एका खांबांच्या पडवीत शिष्यांना शिकवीत असे. अशा पडवीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणत, त्यावरून त्याच्या पंथाला स्टोइक हे नाव पडले. झेनो अथेन्सचा नागरिक नव्हता, परका होता. परक्या माणसाला शिकविण्यासाठी एक उघडी पडवी मिळाली, यात त्या पडवीचे मोठेपण आहे. त्याच पंथातला पुढचा एपिक्टेटस हा गुलाम म्हणून वाढला होता. घरदार, माणसे, मालमत्ता हे सारे आपले नव्हे, वाटसरू धर्मशाळेची जेवढी आणि जशी काळजी घेतो तेवढी आणि तशी त्याची घ्यावी, असा त्याचा उपदेश होता. तो उपदेश लिहून ठेवणारा शिष्य आरियन हा पुढे कॅपाडोशिया प्रांताचा सुभेदार झाला, म्हणजे आपल्याच व्यवसायातला. डाकबंगल्यात रात्री काढणाऱ्याला हा उपदेश लवकर पटतो.

आम्हांलाही तो पटला, परंतु काही अंतरापर्यंतच. जे जाते ते आपले नव्हतेच असे म्हटल्याने आपले दुःख हलके होते. पण आपले दुःख हा येथे खरा प्रश्न नाही. उद्या पाखाडीने जाणारा माणूस पावसात कोठे उभा राहील, हा आहे. त्याचे उत्तर स्टोइकांची अलिप्तता देत नाही. आणि धर्मशाळेतून निघून गेलेल्या वाटसरूने मागे राहिलेल्यास, अमुक खोली अशीच ठेव, असे बजावावे हे तर त्यात मुळीच बसत नाही.

उत्तराची दिशा आम्हांला सुचली ती एका वेगळ्याच ठिकाणच्या आठवणीने. 2015 साली पुरीस जगन्नाथाचे नवकलेवर झाले, त्या सुमारास आमचा मुक्काम भुवनेश्वरास होता. तेथील मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी नवे वृक्ष शोधून नव्या मूर्ती घडवितात आणि जुन्या मंदिराच्याच आवारात भूमीत ठेवतात. 1977 आणि 1996 साली असेच झाले होते. जुन्या मूर्तीतला 'ब्रह्मपदार्थ' रात्रीच्या अंधारात डोळे बांधलेला सेवक नव्या मूर्तीत ठेवतो, अशी परंपरा आहे. तो काय आहे हे कोणी पाहत नाही. आम्हांला त्या वेळी विशेष वाटले ते हे की देवाचे लाकूडसुद्धा जीर्ण होते आणि ते बदलण्यात अपराध मानला जात नाही. उलट न बदलणे हाच तेथे अपराध ठरेल. अपराध होईल तो एकाच गोष्टीने, आतली वस्तू नव्यात न्यावयाची विसरली तर.

तेव्हा आमच्या पडवीतली ती आतली वस्तू कोणती? फणसाचे खांब नव्हेत, कारण त्यांतला एक वादळाने सरकलाच होता आणि दुसऱ्याला वाळवी लागलेली होती. उघडेपणाही नव्हे, कारण तो किती होता ते आपण पाहिले. आम्हांला वाटते की आपल्या मालकीच्या जागेतील काही हात जागा आपल्या उपयोगासाठी नाही असे मानून चालणे, ही ती वस्तू. हे मानणे भिंत नसल्याने आपोआप घडत होते, म्हणून आमच्या वडिलांना त्याचा विचार कधी करावा लागला नाही. दार बसल्यावर तो करावा लागेल. कोणी आले तर उठून कडी काढावी लागेल, आणि काढावी की नाही हे प्रत्येक वेळी ठरवावे लागेल. सवय गेली आणि तिच्या जागी निर्णय आला. यात हानी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. निर्णयाला थकवा येतो, तसा सवयीला येत नाही. परंतु हानी आणि अन्याय या दोन गोष्टी एक नव्हेत. पडवीला दार लागल्याने आमची हानी झाली. दार लावू नका असे आम्ही सांगितले असते तर वहिनींवर अन्याय झाला असता. जे कर्तव्य पाळण्यासाठी रात्री जागावे लागते ते, जो जागत नाही त्याने दुसऱ्यास सांगू नये, हा नियम आम्हांला निरपवाद वाटतो, आणि तो घरापुरताच आहे असेही वाटत नाही. कार्यालयातील मेजावरून खालच्या माणसांना आम्ही आयुष्यभर जी परिपत्रके धाडली त्यांतील काहींची आठवण या निमित्ताने झाली, ती सुखाची नव्हती.

आम्ही संमतीचे पत्र धाडले. या वेळी ते दोन ओळींचे होते.

मे महिन्यात काम सुरू झाले. पुतण्याच्या छायाचित्रातल्याप्रमाणे सगळीकडे काचा घालावयाच्या होत्या. गावच्या सुताराने ते मोडून काढले. काचा घातल्या तर मृगातच आतून घाम फुटेल आणि श्रावणापर्यंत लाकडाला बुरशी येईल, असे त्याने सांगितले. थंडीच्या देशातील बंद देवडी ऊब धरून ठेवते, आपल्या हवेत तिने वारा खेळवावयास हवा. म्हणून खाली जांभ्याची कंबरभर भिंत, वर सागवानी गज, गजांना आतून झडपा, आणि मध्ये दोन पाखांचे दार. फणसाचे जे दोन खांब धड होते त्यांचे त्याने एक लांब बाकडे केले. ते वहिनींनी दाराबाहेर ठेवविले, आणि त्यावर पागोळ्या पडू नयेत म्हणून छपराची पाख हातभर पुढे काढून घेतली. आम्ही कोणीही त्यांना हे सुचविले नव्हते. खर्च वाढला म्हणून पुतण्याने विचारले तेव्हा, टपालवाला आता म्हातारा होत चालला आहे, एवढेच त्या म्हणाल्या.

जुलैत आम्ही गेलो. एस्टी उशिरा पोचली आणि पाखाडी उतरून अंगणात येईतो अंधार पडला होता, पाऊसही होता. दाराबाहेरच्या बाकड्यावर पिशवी ठेवली. बाकडे कोरडे होते. मग त्या घराच्या बाहेरच्या दारावर आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच थाप मारली. आतून कंदिलाची की विजेरीची हालचाल दिसली आणि वहिनींचा आवाज आला :

"कोण आहे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देण्यास आम्हांला थोडा वेळ लागला. आजवर त्या घरात शिरताना तो कोणी विचारला नव्हता, म्हणून आम्ही त्याचा कधी विचारच केला नव्हता. आम्ही नाव सांगितले. कडी निघाली, आणि आत गूळपाणी आले.